तुम्ही विचारलंत म्हणून: दुखण्याला पार्किंगचं कार्ड मिळतं का?

माझा आजार ज्यांना माहीत आहे ते कधी ना कधी विचारतातच, "एवढा त्रास होतो तर दिव्यांगांच्या जागेत गाडी का लावत नाहीस? त्याचं कार्ड मिळत नाही का?" सोसायटीतले विचारतात, फिजिओथेरपीला भेटणाऱ्या काकू विचारतात. ज्यांना स्वतःलाच असं जुनं दुखणं लागलंय, ते जरा आवाज खाली आणून विचारतात. हे लिहितेय ते मुख्यतः त्यांच्यासाठी.

नुसतं दुखतंय म्हणून मिळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकार दिलेत, त्यात जुनाट वेदना हा प्रकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान मिळालं. आपल्या कायद्याच्या यादीत ती अजून आलेली नाही. त्यामुळे तुम्हाला 'अस्थिव्यंग' या दारातून आत जावं लागतं, आणि तिथे मोजलं जातं ते दुखण्यामुळे सांध्यांची किती हालचाल गेली, ताकद किती उरली, हे.

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे मणक्याचा आणि माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा संधिवात. माझे खुबेही त्यात गेलेत. या आजाराची रीत अशी की विश्रांतीनं दुखणं वाढतं आणि हालचालीनं कमी होतं. पहाटे कुशीवर वळताना जीव जातो, आणि दुपारी तीच मी तुम्हाला भाजी निवडताना ताठ उभी दिसते. मान मागे वळत नाही, त्यामुळे गाडी मागे घेणं हे माझ्यासाठी दुखण्याइतकंच मोठं संकट आहे. दार अर्धवट उघडून अंग तिरकं करून बाहेर पडणं मला जमत नाही. दोन्ही पाय एकदम बाहेर काढावे लागतात. नियमाप्रमाणे दिव्यांगांची पार्किंगची जागा ३.६ मीटर रुंद असते, नेहमीची साधारण अडीच. तो वाढीव मीटरभर माझ्या खुब्यांसाठी आहे, हे मला ती जागा पहिल्यांदा वापरली तेव्हा कळलं. प्रवेशद्वारापासून ती तीस मीटरच्या आत असावी असंही नियमावलीत आहे.

आता कार्डाचं. माझी मावसबहीण अमेरिकेत असते, तिला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा, जो तपासण्यांत दिसत नाही. तिथल्या बऱ्याच राज्यांत डॉक्टरांनी एका फॉर्मवर सही केली की आरशाला अडकवायची पाटी मिळते, आणि निकषांपैकी एक साधा आहे: न थांबता दोनशे फूट चालता येत नाही. आपल्याकडे देशभर चालणारी अशी वेगळी पाटी नाही. जे आहे ते यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि त्याच्यामागचं अपंगत्व किती टक्के ते सांगणारं प्रमाणपत्र. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, आधार, फोटो आणि कागदपत्रं जोडायची, रुग्णालय निवडायचं आणि बोलावलं की तपासणीला जायचं. पुण्यात ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, महापालिकेचं कमला नेहरू आहे. मोजणी कशी करायची याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१८ ची होती, ती २०२४ च्या मार्चमध्ये सुधारली.

माझी तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी पाठीच्या खालच्या दोन खळग्यांच्या रेषेत पेनानं एक खूण केली, तिथून दहा सेंटीमीटर वर दुसरी, आणि म्हणाले, "वाका, जमेल तेवढं." निरोगी पाठीत ते अंतर पाचेक सेंटीमीटरनं वाढतं. माझं जेमतेम वाढलं. त्यांनी टेप पुन्हा लावून पाहिली. मग खुब्यांना कोनमापक लावून आकडे लिहिले. त्यानंतर त्यांनी मान वर न करता विचारलं, "मोजे कोण घालून देतं?" मला तो प्रश्न फार आवडला. त्या खोलीत माझ्या रोजच्या जगण्याबद्दल विचारलेला तेवढा एकच प्रश्न होता.

चाळीस टक्क्यांच्या थोडंसं वर बसलं. बहुतेक सवलतींची रेषा चाळीसवर आहे. पण प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं, मुदत संपली की पुन्हा जायचं, कारण औषधांनी माझ्यात फरक पडू शकतो असं त्यांचं मत पडलं. ते चूकही नाही.

माझ्या बरोबर त्याच व्हरांड्यात बसलेल्या एका बाईंना फायब्रोमायल्जिया होता. त्यांचे सांधे पूर्ण फिरत होते, एक्स-रे स्वच्छ. जिन्याच्या पाच पायऱ्या चढून त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना काही मिळालं नाही. ही गोष्ट मला अजून सलते. सांध्याचा कोन मोजणं नोकरीतल्या आरक्षणासाठी कदाचित ठीक असेल, पण पार्किंगला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: गाडीतून उतरल्यावर दारापर्यंत पोचता येतं का, आणि पोचल्यावर अंगात काही शिल्लक राहतं का. तो प्रश्न आपल्याकडे कोणी विचारतच नाही. माझं ठाम मत आहे की पार्किंगपुरता चालण्याच्या अंतराचा निकष असावा आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावा.

कार्ड हातात आल्यावर काय होतं? मॉलमध्ये, मोठ्या रुग्णालयांत व्हीलचेअरचं चिन्ह रंगवलेली जागा असते, आणि तिच्यावर राज्य सुरक्षारक्षकाचं. एका रक्षकानं मला हटकलं, "मॅडम, ही जागा अपंगांची आहे." कार्ड दाखवलं. ते त्यांनी उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "तसं वाटत नाही हो तुमच्याकडे बघून." मी म्हटलं, "दादा, दिसत असतं तर बरं झालं असतं." त्यांनी स्वतः साखळी काढली. त्यांच्यावर राग नाही. तिथे मोटरसायकली लावून जाणारे धडधाकट लोक ते दिवसभर बघत असतात. रस्त्यावर मात्र चित्र वेगळं. पेठांत पी-वन, पी-टूच्या पाट्या बघून सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलायची, तिथे मी कुठे उतरणार आणि किती चालणार याला काही अर्थच नसतो. लक्ष्मी रस्त्यावर जायचं तर मी रिक्षाच करते.

२०२४ साली बनावट प्रमाणपत्रांच्या आरोपांवरून पुण्यात बरंच गाजलं. तेव्हापासून खऱ्या माणसांकडेही जरा रोखून पाहिलं जातं असं मला जाणवतं. म्हणून एक कळकळीनं सांगते: तपासणीच्या दिवशी औषधं बंद करून, दुखणं वाढवून जाऊ नका. खोटेपणानं लाभ घेणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या रांगेतल्या पुढच्या माणसावरचा विश्वास जातो.

नाकारलं तर कारण लेखी मागा. त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, तिथे तक्रार करता येते. आणि तपासणीला जाण्याआधी तुमच्या संधिवाताच्या किंवा पेन क्लिनिकच्या डॉक्टरांकडून पत्र घ्या. त्यात फक्त आजाराचं नाव नको. किती अंतर चालल्यावर थांबावं लागतं, किती वेळ उभं राहता येतं, जिना कसा चढता आणि चांगला दिवस व वाईट दिवस यांत फरक किती, हे त्यात लिहून घ्या. फॉर्मवर याला रकाना नाही, तरी पत्र फाईलला लावायला सांगा. अपिलात तेच वाचलं जाण्याची शक्यता जास्त.