टिल्ट टेबलवरची तपासणी : माझा अनुभव

पायांची आग आणि मुंग्या हे शुगरचं दुखणं, एवढं मला माहीत होतं. पण उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, तीही त्याच खात्यातली निघाली. चक्कर आली की घरचे आधी शुगर तपासायचे. ती बहुतेक वेळा ठीक असायची.

न्यूरॉलॉजिस्टनी आधी आडवं झोपवून आणि मग उभं करून बीपी मोजलं. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर तो दोष धरतात. माझा वरचा आकडा त्याहून बराच खाली गेला. हृदय धडधाकट होतं, त्याला हुकूम देणाऱ्या नसाच मंदावल्या होत्या.

मग स्वायत्त नसांची, म्हणजे नाडी आणि बीपी आपोआप सांभाळणाऱ्या नसांची तपासणी. त्याआधी चहा-कॉफी बंद, काही गोळ्याही डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबवल्या. मिनिटाला सहा या हिशेबाने संथ श्वास घ्यायचे. निरोगी माणसाची नाडी श्वास घेताना वाढते, सोडताना उतरते. माझी ढिम्म.

खरा कस लागला टिल्ट टेबलवर, म्हणजे झोपलेल्या माणसाला तसंच उभं करणाऱ्या टेबलवर. पट्ट्यांनी बांधलं, कानशिलावर गार जेल लावून डॉप्लरचा, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह मोजणारा, प्रोब बसवला. तिथलं हाड पातळ असल्याने मेंदूच्या धमनीतला प्रवाह टिपता येतो. मशीनमधून फुश्श-फुश्श असा आवाज येत होता, तो माझ्याच रक्ताचा! टेबल उभं केलं तसं बीपी घसरू लागलं आणि आवाज बारीक होत गेला. मान जड झाली, समोरचं धूसर. तेवढ्यात त्यांनी टेबल झटकन आडवं केलं.

उभं राहताच अर्धा लिटरहून जास्त रक्त पोटात आणि पायांत उतरतं. नसा शाबूत असतील तर तिथल्या रक्तवाहिन्या लगेच आवळतात आणि बीपी टिकतं. बीपी थोडं हललं तरी मेंदू आपल्या वाहिन्या सैल-घट्ट करून प्रवाह सांभाळतो. जुन्या मधुमेहात नसा बिघडल्या की मेंदूचं हे दुसरं कुंपणही कच्चं पडू शकतं.

आता सकाळी पाय हलवून, काठावर बसून, मगच उठायचं. अंधारी आली तर पायांची कात्री करून मांड्या आवळायच्या. याचा गुण लगेच येतो. कमरेपर्यंतचे घट्ट मोजे मात्र उन्हाळ्यात शिक्षाच. त्यात आडवं झाल्यावर माझं बीपी उलट चढतं, म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली आहे आणि बीपीच्या गोळीची वेळ अजून जुळवणं चालू आहे.