चेहरा दिसायला हवा की नको

कॅमेरा डीओपीचा, म्हणजे छायाचित्रण करणारीचा, होता, घर दिग्दर्शकाच्या मावशीचं आणि नट आपापली सुट्टी खर्ची घालून आलेले. माझं असं त्या शूटिंगमध्ये काहीच नव्हतं, म्हणून फर्स्ट एडीचं, म्हणजे पहिल्या सहायक दिग्दर्शकाचं, काम माझ्याकडे आलं. फर्स्ट एडी म्हणजे घड्याळाकडे बघत सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस. पगारी सेटवर त्या शिव्यांचे निदान पैसे मिळतात.

छोटीशी शॉर्टफिल्म, कोणालाच मानधन नाही. त्या दिवशी एकच प्रसंग करायचा होता. मुलगा बऱ्याच काळाने घरी येतो आणि आई त्याला सांगते, की हे घर तिने तीन महिन्यांपूर्वीच विकलंय. दिग्दर्शक ऑफिसात नोकरी करणारा, लिहिणारा. हा प्रसंग त्याने कितीतरी वेळा नव्याने लिहिला होता. डीओपी एरवी जाहिरातींच्या सेटवर फोकस पुलर म्हणून, म्हणजे शॉट चालू असताना फोकस धरायचं, काम करते. तिला स्वतंत्रपणे कॅमेरा करायचाय, आणि त्यासाठी दाखवायला शोरील, म्हणजे निवडक शॉटची चित्रफीत, लागतं. दोघंही माझे मित्र, एकमेकांची ओळखही मीच करून दिलेली. त्यामुळे दोघांचीही गाऱ्हाणी माझ्याकडेच येणार होती.

सकाळची कुरबूर नेहमीची होती. तिला अख्खा प्रसंग एकाच लांब शॉटमध्ये हवा होता: मुलगा दारातून आत येतो, कॅमेरा त्याच्या मागून सरकतो आणि खिडकीशी उभ्या आईपाशी थांबतो. दिग्दर्शकाला मास्टर (अख्खा प्रसंग दिसेल असा शॉट), दोन्ही बाजूंचे ओव्हर द शोल्डर (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा) आणि दोघांचे क्लोज हवे होते. एकच शॉट असला आणि मध्ये नटाचा सूर जरा ढळला, तर एडिटमध्ये कापायला जागाच राहत नाही, हे त्याचं म्हणणं. सगळं कव्हर करत बसलो तर सगळंच अर्धवट होईल, हे तिचं. मी सुचवलं, आधी लांब शॉट, मग उरेल त्या वेळात क्लोज. दोघांनी मान डोलावली, म्हणजे दोघंही नाराज झाले.

मग लेन्स. तिने ८५ मिमी लावली, ॲपर्चर १.४ वर, म्हणजे पूर्ण उघडी. हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आणि फोकसचा पट्टा पातळ. चित्र देखणं होतं यात वाद नाही. पण मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, दोन मीटर अंतरावरून, या लेन्सने जेमतेम साडेचार सेंटीमीटर खोलीचा पट्टा फोकसमध्ये राहतो. नट बोलता बोलता जरासा पुढे झुकला की डोळे मऊ, म्हणजे धूसर पडले. फोकस धरायला होता एक विद्यार्थी, हौसेने आलेला, घामाघूम झालेला. दिग्दर्शक म्हणाला, "नटांना जमिनीवरच्या खुणेवर खिळवू नकोस, मोकळं हिंडू दे." ती म्हणाली, "हिंडू दे, पण मग २.८ वर जावं लागेल. त्याला चौपट उजेड हवा. दिवे कुठायत?" दिवे म्हणजे तीन एलईडी पॅनल, त्यातलं एक अधूनमधून आपोआप विझणारं. शेवटी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, थोडा वाढवून, पॅनल जवळ आणून २.८ जमवलं. दिवा निम्म्या अंतरावर आणला की उजेड साधारण चौपट होतो. गरिबाच्या शूटिंगला भौतिकशास्त्राची एवढीच काय ती मदत.

खरा भडका उडाला दुपारनंतर. खिडकी पश्चिमेची. चारनंतर तिथून जो उजेड येतो त्यासाठीच आम्ही ते घर निवडलं होतं. आईची भूमिका करणाऱ्या ताई खिडकीकडे पाठ करून उभ्या. डीओपीने एक्स्पोजर बाहेरच्या उजेडाला धरून लावलं. मॉनिटरवर खिडकी झळझळीत आणि तिच्यापुढे ताईंची काळी आकृती.

"चेहरा कुठाय?" दिग्दर्शकाने विचारलं.

"नाहीये. मुद्दाम."

त्याचं म्हणणं असं, की या बाईला घर विकल्याचं वाईट वाटत नाहीये. ती सुटलीय. पण संवादात तसा एकही शब्द नाही, तो त्याने मोठ्या कष्टाने काढून टाकलाय. ही सुटका फक्त डोळ्यांत दिसणार. डोळे गेले तर प्रेक्षकाला ती बिचारी वाटेल आणि कथाच उलटी होईल. डीओपीचं म्हणणं असं, की आपण मुलाबरोबर आत आलोय. त्याला आई वाचता येत नाहीये. मग आपल्याला का वाचता यावी? तिचा चेहरा अंधारात असणं हीच त्याची अवस्था आहे.

मी दोघांच्या मध्ये उभा होतो आणि मला दोघांचंही पटत होतं. एडीसाठी ही सर्वात वाईट स्थिती.

मग 'द गॉडफादर' निघाला. अंधाराच्या भांडणात तो निघतोच. १९७२ च्या त्या चित्रपटात छायाचित्रकार गॉर्डन विलिसने मार्लन ब्रँडोवर वरून उजेड टाकला, भुवयांखाली सावली पडून त्याचे डोळे दिसेनासे झाले आणि स्टुडिओतली मंडळी अस्वस्थ झाली. आज तो उजेड छायाचित्रणाच्या वर्गांत शिकवतात. हे ऐकवून डीओपीने विचारलं, "मग?"

"तिथे ब्रँडोला लपवायचं होतं. हिला काय लपवायचंय?"

"घर विकल्याचं लपवलंय की! तीन महिने!"

हसू आलं होतं, पण हसायची वेळ नव्हती. मला आठवत होतं ते त्याच सेटवरचं दुसरं प्रकरण. नटांनी खुणेवरच उभं राहायचं की मनाप्रमाणे हिंडायचं, यावरून विलिस आणि दिग्दर्शक कोपोला यांची जोरदार भांडणं झाली होती. म्हणजे आमची सकाळसुद्धा काही नवी नव्हती. फरक इतकाच, की तिथे भांडून झाल्यावर दोघांनाही कामावर हजर राहणं भाग होतं.

दिग्दर्शक म्हणाला, "फिल्म माझी आहे, मी सांगतो ते कर." तिने काही न बोलता कॅमेरा ट्रायपॉडवरून उतरवला. खोली गप्प झाली. बूम, म्हणजे माइकची काठी धरलेल्या मुलाने तो हळूच भिंतीला टेकवला. बॅटरी बदलायला उतरवला, असं ती आजही सांगते. बॅटरी बदलायला कॅमेरा ट्रायपॉडवरून उतरवावा लागत नाही.

"मी सांगतो ते कर" हे वाक्य पैसे देणाऱ्या सेटवर चालतं. तिथे शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा, हे सगळ्यांनी सही करून मान्य केलेलं असतं. डीओपी घरी जाऊन चिडते, पण शॉट लावते. फुकटच्या कामात त्या शब्दाला वजन देणारं काही नसतं. तिथे वजन वस्तूंना असतं. कॅमेरा गेला तर शूटिंग गेलं, घर गेलं तरी गेलं. आणि मोबदला नसतो असंही नाही. दिग्दर्शकाला पूर्ण झालेली फिल्म मिळते, डीओपीला शोरीलमध्ये लावता येतील असे काही शॉट. तो तिच्याकडून कथा मागत होता, आणि ती कथा सांगताना स्वतःची मजुरीही मागत होती. त्यात गैर काय? काळी आकृती आणि झळझळीत खिडकी हा तिचा त्या दिवसाचा पगार होता. तरीही मला विचाराल तर डोळ्यांच्या बाबतीत मी दिग्दर्शकाच्या बाजूचा. प्रेक्षकाला काय कळायला हवं हे त्यानेच ठरवावं. पण तिने लावलेली फ्रेम त्या दिवसातली सगळ्यात चांगली होती, हेही मी तेव्हाच तिला सांगितलं. त्यामुळे तो माझ्यावर संध्याकाळपर्यंत चिडून होता.

कोंडी फोडली ताईंनी. हौशी रंगभूमीवर हयात घालवलेल्या बाई. इतका वेळ त्या खिडकीशी तशाच उभ्या होत्या, कारण "बसा" म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला एक सांगा रे, ते वाक्य बोलताना मी मुलाकडे बघते का?"

दोघं एकदम म्हणाले, "हो."

"मग चुकतंय. तीन महिने जिला सांगवलं नाही, ती तोंडावर बघून सांगेल? मी बाहेर बघत बोलेन. बोलून झालं की त्याच्याकडे बघेन."

डीओपीने कॅमेरा पुन्हा ट्रायपॉडवर चढवला आणि खिडकी मागे न येता बाजूला येईल इतका सरकवला. आता ताई बाहेर बघत बोलल्या, की उजेडाची एक कड कपाळावरून नाकावर आणि ओठांवर उतरायची. सुटका तिथे दिसत होती, डोळ्यांत नाही, जबड्यात. वाक्य संपल्यावर त्या वळल्या, की चेहरा अंधारात जायचा.

"वळल्यावरचे डोळे?" दिग्दर्शकाने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

तिने लहानसा बॅटरीवरचा दिवा अगदी लेन्सला चिकटून लावला, पुढे टिश्यूची घडी धरली आणि त्याला इतका मंद केला की चेहऱ्यावर त्याचा उजेड जवळजवळ पडेना. पण बुबुळांत एकेक ठिपका उमटला. चेहरा काळाच, पण आत कोणीतरी आहे हे कळायला लागलं. हा उपाय फार जुना. ल्युसियन बॅलार्ड या छायाचित्रकाराने मर्ल ओबेरॉन या नटीसाठी कॅमेऱ्याजवळ असाच एक दिवा बसवला, अपघातातल्या तिच्या चेहऱ्यावरच्या खुणा उजेडात बुजून जाव्यात म्हणून. तिच्या नावावरून तो ओबी लाइट झाला, आणि १९४५ मध्ये त्या दोघांनी लग्न केलं. आमच्याकडे प्रकरण इतकं पुढे जाण्याची शक्यता त्या दिवशी तरी नव्हती.

मग धावपळ. उजेड मिनिटागणिक उतरत होता. ती ॲपर्चर उघडत २.० वर आली, म्हणजे फोकसचा पट्टा पुन्हा पातळ, आणि त्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचा घाम पुन्हा ताजा. एक टेक फोकसमधून गेला, एकात मुलगा वाक्य विसरला, एकात शेजारच्या घरातलं ड्रिल सुरू झालं. मग जो झाला तो झाल्यावर कोणी काही बोललंच नाही. "ओके" म्हणायचं दिग्दर्शकाच्या लक्षात यायला वेळ लागला. तरी त्याने सेफ्टीसाठी ताईंचा उजेडातला क्लोज मागितलाच. तिने दिला, ५० मिमीवर, हातात कॅमेरा धरून, तोंड वाकडं करून.

इथपर्यंत सगळं गोडच वाटेल. भांडणाचा दुसरा अंक एडिटनंतर झाला.

तो उजेडातला क्लोज दिग्दर्शकाने वापरलाच नाही. अंधारातलाच शॉट ठेवला, आणि ग्रेड करताना, म्हणजे एडिटनंतर चित्राचा रंग-उजेड ठरवताना, चेहरा सुमारे दीड स्टॉप वर उचलला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). चित्रण लॉगमध्ये, म्हणजे सावल्यांतला तपशील राखणाऱ्या फिक्या स्वरूपात होतं, त्यामुळे उचलता आला. पण सेन्सरपर्यंत उजेडच कमी पोहोचलेला असला, की सावल्या उचलल्या की त्यांच्याबरोबर दाणेही वर येतात. खिडकीच्या पडद्याच्या घड्यांमध्ये ते वळवळत होते. त्या दिवशी मॉनिटरवर जो लुक बघून सगळे गप्प झाले होते, तो तयार फिल्ममध्ये कुठेच राहिला नव्हता. डीओपीला ग्रेडला बोलावलंच नव्हतं. तिने ते पहिल्यांदा पाहिलं ते स्क्रीनिंगला, इतर पाहुण्यांबरोबर.

ती तिथे काही बोलली नाही. रात्री मला फोन केला आणि बराच वेळ बोलली. तिचा राग उजेड वाढवल्याचा कमी, न विचारल्याचा जास्त होता. दिग्दर्शकाला विचारलं तर तो म्हणाला, "आधीच फुकट राबली होती, अजून एक दिवस कसा मागू?" तो खोटं बोलत नव्हता. फुकट काम करणाऱ्याचा संकोच वाटून आपण त्याला नेमकं हवं त्या ठिकाणी बोलवत नाही, हे मी इतरही सेटवर पाहिलंय. साउंड मिक्सला साउंडवाल्याला बोलवत नाहीत, ते याच संकोचाने.

तिने त्या शॉटची मूळ फाइल मागितली, त्याने तक्रार न करता दिली. तिने तो स्वतः ग्रेड करून शोरीलमध्ये लावला: काळा चेहरा, दोन ठिपके. फिल्ममध्ये त्याच शॉटमधल्या ताई उजळ आहेत, थोड्या दाणेदार. ताईंना विचारलं तर त्या म्हणतात, आवाज दोन्हीकडे सारखाच आहे ना, मग झालं.

पुढच्या फिल्मची जुळवाजुळव सुरू आहे, तीच माणसं घेऊन. या वेळी मी शूटिंगच्या आधी दोघांना बसवून एक पान लिहून घेतलं. ग्रेडला डीओपी हजर राहील, तारीख तिला विचारून ठरेल. कच्चे शॉट शोरीलसाठी मिळतील, फिल्म आधी दाखवून झाल्यावर. सेटवर अडलं तर प्रेक्षकाला काय कळायला हवं ते दिग्दर्शक एका वाक्यात सांगेल, ते कसं दाखवायचं यासाठी डीओपीला पंधरा मिनिटं मिळतील, आणि ती पंधरा मिनिटं मी मोजेन. दोघांनी सह्या केल्या. लेन्सच्या कलमावर अजून घोडं अडलंय. ती ८५ सोडायला तयार नाही.