पॉट्सव्हिलच्या भुयारातली भिंत

फिलाडेल्फियात भावाकडे आठ दिवस होते. त्यातल्या सात दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. संग्रहालयं पाहिली, खरेदी केली, पाय दुखले. लक्षात राहिली ती पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या भागातल्या पॉट्सव्हिल या लहानशा गावाची एक दुपार.

तिथे युएंगलिंग घराण्याची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, आहे, अमेरिकेतली सध्या चालू असलेली सगळ्यात जुनी. जर्मनीहून आलेल्या डेव्हिड युएंगलिंगने ती 1829 साली सुरू केली. दोनच वर्षांत ती जळाली. त्याने मग महंटोंगो स्ट्रीटच्या चढावर नव्याने बांधली आणि ती आजही तिथेच आहे. चढ दम काढणारा आहे.

आत जायला बंद बूट लागतात. वहिनी सँडल घालून आली होती, तिला बाहेरच थांबावं लागलं. मला हे आधी माहीत होतं आणि सकाळच्या घाईत सांगायचं राहिलं. ती काही बोलली नाही, पण मला अजून रुखरुख आहे.

बिअर उकळायच्या खोलीचं छत रंगीत काचांचं आहे, फार देखणं. पण मी रेंगाळले ती खाली, भुयारात. फ्रिज नव्हते त्या काळात लागर बिअर आठवडेच्या आठवडे थंडाव्यात मुरवायला डोंगराच्या पोटात हातांनी खोदलेली ही भुयारं. पायाखाली ओल, अंगावर एकदम गारवा, वाट इतकी अरुंद की समोरच्याच्या पाठीला नाक लागावं. गर्दीत माझा जीव घाबरतो, तरी तिथून हलवेना. कारण समोर विटांची एक भिंत होती, अर्धी फोडलेली.

1920 मध्ये देशभर दारूबंदी आली तेव्हा सरकारी माणसांनी भुयाराचं तोंड ही भिंत घालून बंद केलं. फोडलेल्या कडेच्या विटांवरून मी हात फिरवला. खरबरीत, गार. बाप-आजोबांनी नव्वद वर्षं चालवलेल्या धंद्याच्या तोंडावर कोणी अशी भिंत बांधताना त्या घरच्या माणसांना काय झालं असेल!

तेव्हा कारभार डेव्हिडचा नातू फ्रँक पाहत होता. त्याने दार लावून घेतलं नाही. जवळपास नशा नसलेली बिअर काढली आणि रस्त्यापलीकडे डेअरी उघडून आइस्क्रीम विकलं. तेरा वर्षं! 1933 मध्ये बंदी उठली तेव्हा 'विनर' नावाची बिअर काढून ट्रकभर थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे पाठवली. आइस्क्रीमचा धंदा त्यानंतरही 1985 पर्यंत चालला.

या घरात कंपनी वारशाने मिळत नाही, पुढच्या पिढीने ती आधीच्या पिढीकडून विकत घ्यायची. पाचव्या पिढीतल्या डिकने 1985 मध्ये ती वडिलांकडून अशीच घेतली. आता त्याच्या चारही मुली, म्हणजे सहावी पिढी, तिथे काम करतात. भावाला ही रीत एकदम पटली. मला नाही पटली. बापाने लेकीकडून पैसे मोजून घ्यायचे, हे माझ्या पचनी पडेना. परतीच्या वाटेवर आमचा यावरून चांगलाच वाद झाला.

त्याआधी, बाहेर आल्या आल्या, वहिनीला त्या भिंतीचा फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, "फोडली कुणी, घरच्यांनीच ना?"

मी म्हटलं, त्यांनीच फोडली असणार.