आमच्या पिक्चरचं बारसं

चार वर्षं आमच्या सिनेमाचं नाव ‘अभिसरण’ होतं. पटकथेच्या पहिल्या पानावर, क्लॅपवर, खर्चाच्या वहीवर, सगळीकडे तेच. मला ते नाव मनापासून आवडायचं. गोष्ट विट्याजवळच्या एका गावातल्या पिठाच्या गिरणीची. गिरणीवाल्याची मुलगी दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न ठरवते आणि दळणाला येणारं अख्खं गाव महिनाभर त्यावरच बोलत राहतं. माणसं एकमेकांत मिसळावीत, म्हणून अभिसरण.

एडिट झाल्यावर त्याच गावातल्या मंगल कार्यालयात पडदा बांधून आम्ही सिनेमा दाखवला. बायका रडल्या, दोघीतिघींनी मला जवळ घेतलं. आठवड्याने मी एकेकीला फोन केला. कुणाला सांगितलंत का सिनेमाबद्दल? “सांगितलं की, बहिणीला, नणंदेला.” काय सांगितलंत? “ते गिरणीचं पिक्चर म्हणून.” नाव एकीलाही आठवेना. गावातल्या एका निवृत्त गुरुजींना थोडं आठवलं. ते म्हणाले, “रक्ताभिसरण ना?”

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. नाव मी माझ्यासाठी ठेवलं होतं. पण ते घ्यायचं कुणी? विहिरीवर, एसटीत, तिकिटाच्या खिडकीशी ते तिसऱ्याच माणसाच्या तोंडून निघायचं असतं, आणि तिथे ते निघतच नव्हतं.

मग सरळ ‘गिरणी’च ठेवू, असं सगळ्यांचं मत पडलं. मुंबईतल्या वितरकांनी ऐकताच नकारार्थी मान हलवली. लालबाग-परळमध्ये गिरणी म्हणजे कापडगिरणी. १९८२चा संप, भोंगा, चाळी, हेच डोळ्यांपुढे येणार. पिठाची असते ती चक्की. संपावरचा सिनेमा बघायला आलेला माणूस मध्यंतराला उठून जाईल आणि बाहेर वाईट बोलेल, आणि त्यात चूक त्याची नसेल. शिवाय उमेश कुलकर्णी यांचा याच नावाचा लघुपट आहे, तोही पिठाच्याच गिरणीचा. ते नाव आम्ही त्याच दिवशी सोडलं.

पुढचा पर्याय ‘सरमिसळ’. तोवर नाव नोंदवण्याच्या भानगडीत मी कधी पडले नव्हते. निर्मात्यांच्या संस्थेकडे पर्याय लिहून अर्ज द्यायचा, ते नाव किंवा त्यासारखं दुसरं कुणी आधी नोंदवलंय का ते तपासलं जातं, मग कळवतात. ‘सरमिसळ’ आधीच कुणीतरी नोंदवून ठेवलं होतं. आमच्या वकिलांनी समजावलं की ‘देसी बॉईज’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलंय, नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. मला वाटलं, झालं, सुटलो! पण धंदा नोंदणीवर चालतो. वादातल्या नावाचा सिनेमा वितरक हातात घेत नाहीत. आणि सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर छापलेलं नाव हीच पडद्यावर येणारी पहिली गोष्ट असते, त्यामुळे तो अर्ज करायच्या आत आम्हाला नाव ठरवायलाच हवं होतं.

हातात महिनाही नव्हता. शूटिंगसाठी आणलेली गिरणीतली जुनी पत्र्याची पाटी परत करायला मी गावात गेले होते. संध्याकाळची वेळ, डब्यांची रांग. एक आजी डबा टेकवत विचारत होत्या, “आधी काय घातलंय?”

“हरभरा.”

“मग थांबते. मला गव्हावर गहू पाहिजे.”

गिरणीवर गेलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. आधीच्या दळणाचं थोडं पीठ जात्यात आणि खालच्या कापडी नळीत उरतंच. बाजरीनंतर गहू घातला की कणीक काळपट येते, म्हणून बाया आपल्या धान्याची पाळी धरून बसतात. मी पाटी हातात घेऊन तशीच उभी राहिले. आमच्याच सिनेमात हे वाक्य तीनदा आहे. तिसऱ्या वेळी मुलीची आत्या ते बोलते, तेव्हा ती धान्याबद्दल बोलत नसते. चार वर्षं मी ते डबिंगमध्ये, एडिटमध्ये ऐकत होते, आणि नाव मात्र शब्दकोशात शोधत होते.

‘गव्हावर गहू’. नोंदणीला अडचण आली नाही. अडचण घरातूनच आली. संकलक म्हणाला, विनोदी वाटतं, लोक हसायला येतील. पुण्यातली तरुण मंडळी म्हणाली, आम्ही पाकिटातलं पीठ आणतो, आम्हाला काय कळणार? या दुसऱ्या शंकेची मला भीती वाटली नाही. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला डुकरासाठीचा शब्द. तो ठाऊक नसलेल्यांनी अर्थ विचारला आणि उत्तर थिएटरात मिळवलं. आणि बोलण्यातलं वाक्य नाव म्हणून चालतं का, याला १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ पुरेसा होता. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला. अर्थात ते सगळं यश नावाचं नाही. पण ते नाव ऐकलं की पुढचं ऐकावंसं वाटतं, एवढं खरं.

पहिली शंका मात्र रास्त होती. तिचा उपाय अक्षरांत सापडला. अक्षरकार कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींना जे दिलं ते मी लहानपणापासून बघत आले आहे. नुसत्या अक्षरवळणावरून नाटक हसवणार की रडवणार ते कळायचं. आमच्या अक्षरकार मैत्रिणीने कॉम्प्युटर बाजूला ठेवला. काळ्या कापडावर कागदाचा साचा ठेवून तिने चाळणीने खरी कणीक चाळली आणि वरून फोटो काढला. शेवटच्या ‘हू’मध्ये तिने चिमूटभर बाजरीचं पीठ मिसळलं. लांबून दिसत नाही. जवळ गेलं की ते अक्षर जरासं करडं आहे. ते बघून संकलकाने पुन्हा विनोदाचा विषय काढला नाही.

एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. तिकिटांच्या ॲपवर लोक नाव रोमन लिपीत शोधतात, आणि ‘गव्हावर’ कसं लिहायचं यावर दोघांचं एकमत होत नाही. कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू, कुणी एच गाळतं. पहिल्या दोन दिवसांत ओळखीतल्या कितीतरी जणांनी कळवलं की सिनेमा सापडतच नाही. मग पोस्टरवर खाली बारीक अक्षरांत रोमन स्पेलिंग छापलं. नवीन निर्मात्यांनी हे आधीच करावं.

मुंबई-पुण्यात आम्हाला दुपारचे खेळ मिळाले आणि आठवड्यात उतरलो. नाव कितीही चांगलं असलं तरी दुपारी साडेबाराला नोकरदार माणूस येऊ शकत नाही. विट्यात मात्र चार आठवडे चाललो. पहिल्या रविवारी मी खिडकीपाशी उभी होते. एक बाई नातीला पुढे करून म्हणाली, “गव्हावर गहूची तीन दे गं मागून,” आणि नात न अडखळता तेच आत म्हणाली.

गिरणीवाल्या वहिनींचा परवा फोन आला होता. “ताई, पोस्टर काट्याच्या मागं लावलंय. पीठ बसतं त्याच्यावर. रोज सकाळी फडक्यानं पुसते, मगच मोटर चालू करते.”