कलती फळी

पुस्तकांची मांडणी करून द्यायला सुतार आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुस्तके किती आहेत? मग तो त्यांतले सर्वांत उंच पुस्तक मागून घेतो, त्याला गुण्या लावतो, दोन फळ्यांमधले अंतर ठरवतो, वजनाने फळी मध्येच खचू नये म्हणून तिची जाडी ठरवतो आणि मापे लिहून घेऊन निघून जातो. त्या मांडणीतून पुस्तके बाहेर किती जातील हे तो विचारत नाही, आणि मीही अनेक वर्षे ते त्याला सांगितले नाही. वास्तविक भरलेल्या फळीला कोणत्याही हुशारीची गरज नसते. दोन टोकांना दोन उभ्या फळ्या आणि मध्ये दाटीने बसवलेली पुस्तके, एवढ्या भांडवलावर सगळी रांग वर्षानुवर्षे ताठ उभी राहते. मांडणीची परीक्षा सुरू होते ती मधले एखादे पुस्तक कोणी वाचायला नेले म्हणजे.

एक नेले की शेजारचे त्या फटीकडे कलते, आणि त्याच्या आधाराने उभी असलेली बाकीची त्याच्यामागून कलतात. आपण ते हाताने सरळ करतो. आणखी दोन जातात, कल वाढतो, आपण पुन्हा सरळ करतो. एके रात्री घरात सगळे निजलेले असताना फळीवरून खस्स असा आवाज येतो. सकाळी पाहावे तर एक पातळ पुस्तक पूर्ण आडवे झालेले असते आणि मागची सात-आठ त्याच्या पाठीवर रेलून पडलेली असतात. हा प्रसंग इतक्या वेळा घडला की मी अखेर कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मध्यम आकाराचे पुस्तक २१ सेंटिमीटर उंच आणि २ सेंटिमीटर जाड धरू. ते एकटे उभे असेल तर त्याचा गुरुत्वमध्य पायाच्या कडेबाहेर जाण्यासाठी त्याला जेमतेम ५.४ अंश कलावे लागते. त्यानंतर ते पडतेच. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या पुस्तकाला तर दीड अंशाचीही सवलत नाही. कवितासंग्रह नेहमी आधी पडतात याचे कारण एवढेच आहे, त्यात साहित्यविषयक मत कोणी शोधू नये. पण पडणारे पुस्तक शेजाऱ्याला टेकले की ते शिडी होते, आणि मग शिडीचे नियम लागू होतात. शिडी जितकी तिरपी तितका तिचा पाय मागे सरकायला बघतो. फळी आणि पुस्तक यांच्यातला घर्षणांक, म्हणजे वजनाच्या किती पट जोर लावला की वस्तू सरकते ते प्रमाण, ०.३ धरला, तर आमचे हे पुस्तक उभ्या रेषेपासून सुमारे ३५ अंश कलेपर्यंत पाय रोवून राहते आणि त्यापुढे घसरून आडवे होते. फटीच्या भाषेत बोलायचे तर १२ सेंटिमीटरपर्यंतची फट ते सोसते. म्हणजे सरासरी जाडीची सहा पुस्तके नेईपर्यंत आपण सुरक्षित असतो; सातवे नेणारा माणूस अपघाताला कारण होतो, आणि त्याला ते कळतही नाही.

आडवे पडण्याने पुस्तकाचे फारसे बिघडत नाही, खरे तर जाड कोशांना आडवेच ठेवणे बरे. बिघडते ते महिनोन्महिने तिरपे राहण्याने. कडक बांधणीच्या पुस्तकात पुठ्ठे पानांपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर मोठे असतात, त्यामुळे उभ्या पुस्तकाची पाने फळीला टेकत नाहीत. पानांचा सगळा गठ्ठा पाठीच्या सांध्यांवर लोंबत असतो. ताठ उभ्या पुस्तकात हा भार निदान सरळ खाली जातो. तिरप्या पुस्तकात तो सांध्यांना पीळ देतो, शिवण एका बाजूला ओढली जाते आणि काही काळाने पुस्तक टेबलावर ठेवले तरी त्याची पाठ वाकडीच राहते. यावर उपाय म्हणून पुस्तके कोंबून बसवावीत, तर बाहेर काढताना बोट पाठीच्या वरच्या टोकाला घालून ओढावे लागते आणि तेच टोक आधी फाटते. (शेजारची दोन पुस्तके थोडी आत ढकलून मधले पाठीच्या मध्यावर धरावे, ही योग्य रीत. मला ती माहीत आहे, आणि घाईत मीही बोटच घालतो.)

पुस्तकाने उभे राहावे हा आग्रह मुळात फार जुना नाही. ताडपत्राची पोथी दोन लाकडी पट्ट्यांमध्ये, दोरीने ओवलेली, निवांत आडवी पडून राहत असे. कोडेक्स अमियाटिनस या आठव्या शतकाच्या प्रारंभीच्या बायबलच्या हस्तलिखितात पुस्तकांच्या उघड्या कपाटाचे चित्र आहे, त्यातही सगळी पुस्तके आडवी आहेत. पुढे युरोपातल्या काही ग्रंथालयांत पुस्तके साखळीने बांधून उभी ठेवू लागले. साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला अडकवलेली असल्यामुळे पुस्तकाची पाठ आत आणि पाने बाहेर, अशी उलटी मांडणी असे. इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथेड्रलमध्ये ती आजही पाहता येते. साखळीने बांधलेले पुस्तक कोणी घरी नेणार नाही, तेव्हा उरलेल्यांची काळजी करण्याचे कारणही नव्हते.

ती काळजी पुस्तकाची जागा हलती झाल्यावर सुरू झाली असावी. प्रत्येक पुस्तकाला कपाट, फळी आणि क्रमांक कायमचा नेमून दिलेला असेल, तोवर फळी गच्च भरून टाकता येते. १८७६ मध्ये अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांचे दशांश वर्गीकरण प्रसिद्ध झाले, आणि त्यात पुस्तकाची जागा फळीवरून नव्हे तर विषयावरून ठरू लागली. नवे पुस्तक आपल्या विषयभावंडांमध्ये घुसणार, म्हणजे प्रत्येक फळीवर त्याच्यासाठी मोकळी जागा राखणे आले. त्यानंतर वर्षभराने, १८७७ मध्ये, विल्यम स्टेबिन्स बर्नार्ड यांच्या नावे पत्र्याच्या एकसंध टेकूचे पेटंट नोंदले गेले. पहिल्या घटनेतून दुसरी निघाली असा माझा दावा नाही, पण दोन्ही एकाच मोकळ्या जागेभोवती फिरतात हे लक्षात येते. तो टेकू आपण सर्वांनी पाहिलेला आहे. काटकोनात वाकवलेल्या पत्र्याचे एक पान पुस्तकांच्या खाली सरकते, दुसरे त्यांच्या बाजूला उभे राहते, आणि ज्यांना आधार द्यायचा त्यांच्याच वजनाने टेकू जागेवर दाबून धरला जातो. इतक्या कमी पत्र्यात इतका विचार क्वचितच सापडतो. त्याचा दोष एकच: तो रांगेच्या शेवटी उभा असतो, आणि पुस्तके मधून जातात.

मी केलेल्या प्रयोगांत पहिली आली स्प्रिंग. शेवटच्या पुस्तकामागे एक सरकती फळी आणि तिला मागून ढकलणारी स्प्रिंग, म्हणजे पुस्तक गेले की रांग आपोआप आवळली जाईल, अशी कल्पना होती. पण मांडणी भरलेली असताना स्प्रिंग जास्तीत जास्त दबलेली, म्हणून तिचा जोर सर्वांत मोठा. चार पुस्तके उरली की ती सैल पडलेली, आणि जोर नाममात्र. गरज असते नेमकी याच्या उलट. म्हणून स्प्रिंग काढून मी दोरी, कप्पी आणि अर्ध्या किलोचे वजन लावले, कारण टांगलेले वजन रांग लांब असो वा आखूड, सारखेच ओढते. हे यंत्र दिसायला मोठे शास्त्रीय होते. ६० सेंटिमीटरची फळी, तिच्यावर तीस पुस्तके, प्रत्येकी साधारण ४०० ग्रॅमची. मी टोकापासून तिसरे पुस्तक काढले, फट झकास मिटली, आणि मी घरच्यांना बोलावले. त्यांच्यासमोर मी मधले, पंधरावे पुस्तक काढले. काहीही झाले नाही. वजन लोंबत राहिले आणि फट उघडी राहिली.

कारण नंतर सापडले, आणि ते आधी सापडायला हरकत नव्हती. ४०० ग्रॅमचे पुस्तक फळीवरून सरकवायला सुमारे १२० ग्रॅमचा जोर लागतो. तेव्हा अर्धा किलो चार पुस्तके हलवील, पाचव्यापाशी त्याची शक्ती संपेल. तीसच्या तीस हलवायची तर साडेतीन किलोंहून अधिक वजन टांगावे लागेल, आणि मग त्या चिमट्यातून पुस्तक ओढून काढणे म्हणजे त्याच्या पाठीचे टोक मुद्दाम फाडणे. टोकाला कितीही दाबले तरी मधली फट मिटत नाही. आधार प्रत्येक पुस्तकाला वेगळा मिळाला पाहिजे, हे मला त्या लोंबत्या वजनाने शिकवले.

वेगळा आधार द्यायचा सरळ मार्ग म्हणजे खण पाडणे. दर १२ सेंटिमीटरला एक उभी पट्टी घातली, तर वरच्या हिशेबाप्रमाणे कोणतेही पुस्तक आडवे पडू शकत नाही, मग खणात एकच उरलेले का असेना. ही युक्ती शंभर टक्के चालते. पण १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड वापरले तर फळीची नऊ टक्के लांबी पट्ट्यांतच जाते, आणि एकाच ग्रंथाचे पाच खंड असतील तर पाचवा हमखास पुढच्या खणात एकटा राहतो. शिवाय खणातली पुस्तके पडत नाहीत एवढेच, कलायची ती कलतातच.

प्रत्येक पुस्तकाला लागू असलेले, जागा न खाणारे, फळी रिकामी झाली तरी कमी न होणारे असे एकच बल घरात फुकट उपलब्ध आहे, ते म्हणजे त्याचे स्वतःचे वजन. पुस्तकाला पडायचेच असेल तर कोणत्या बाजूला, एवढे आपण ठरवावे. म्हणून मी संपूर्ण मांडणी एका बाजूला कलवायचे ठरवले: फळी आणि बाजूची उभी फळी यांच्यातला काटकोन कायम ठेवायचा, आणि तो काटकोनच २० अंशांनी फिरवायचा. ६० सेंटिमीटरच्या फळीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा साडेवीस सेंटिमीटर वर जाते. सुताराने चित्र पाहिले, कागद फिरवून पाहिला आणि विचारले, "पाणसळ लावून तिरकी करायची?" मी हो म्हणालो. त्याने काम चोख केले, पण त्या दिवशी तो रोजच्यापेक्षा कमी बोलला.

कोणते टोक खाली हा प्रश्न मला अनपेक्षितपणे गोड वाटला. पाठीवरचे नाव वरून खाली छापलेले असेल तर ते वाचायला मान उजवीकडे काटकोनात वाकवावी लागते. डावे टोक खाली ठेवले की पुस्तके डावीकडे कलतात आणि तोच कोन ९० वरून ७० अंशांवर येतो. ज्यांची नावे खालून वर छापलेली आहेत त्यांच्यासाठी तो ११० होतो, पण माझ्याकडे ती थोडी आहेत आणि मी त्यांना नावाने ओळखतो.

या मांडणीत पुस्तक काढले की वरच्या बाजूची सगळी रांग एका दमात खालच्या शेजाऱ्यावर टेकते. तिला पडायला दुसरी दिशाच नाही. वरचे टोक उघडेच आहे, तिकडे टेकू लागत नाही. मात्र मला वाटले होते तशी फट पूर्णपणे आपोआप मिटत नाही. पुस्तकांची डोकी लगेच खाली येतात, पाय मागे राहतात. कारण उताराच्या ओढीपैकी जवळपास निम्मी डोक्यामार्फत शेजाऱ्यावर जाते आणि पायांच्या वाट्याला निम्मीच उरते. फळीला मी मेण घासले, तरी तेवढ्याने भागले नाही. कोन आणखी वाढवला असता तर पुस्तके सरकली असती, पण मग सगळ्या रांगेचा भार सर्वांत खालच्या पुस्तकावर आला असता, आणि तिथे नेमका तो पातळ कवितासंग्रह आहे. तेव्हा मी तडजोड केली. पुस्तक काढल्यावर वरच्या शेजाऱ्याच्या पायाशी बोटाने हलका धक्का द्यायचा; तो सरकतो, त्याच्यामागून बाकीची, आणि रांग पुन्हा फळीला काटकोनात येते. त्या सरकण्याचा आवाज पूर्वीच्या रात्रीच्या आवाजासारखाच आहे, पण आता तो ऐकायला बरे वाटते.

एक अडचण मात्र कागदावर दिसली नव्हती. परत आलेले पुस्तक जागेवर ठेवायचे तर वरची सगळी रांग तळहाताने चढावर ढकलून धरावी लागते आणि दुसऱ्या हाताने पुस्तक आत घालावे लागते. पूर्वी फळीवर त्याची रिकामी जागा वाट पाहत असे. आता ती नाहीशी झालेली असते, आणि ते कोणत्या दोघांमध्ये होते हे आठवावे लागते. एका कादंबरीचा दुसरा भाग त्यामुळे तीन महिने पहिल्याच्या आधी उभा होता.

मध्यंतरी घरी एक पाहुणे आले होते. वयाने मोठे, हाताने टापटीप, भिंतीवरची तसबीर जरा कलली असेल तर बोलता बोलता उठून सरळ करणारे. संध्याकाळी मी बाहेरून आलो तेव्हा त्यांनी मांडणीच्या खालच्या बाजूला जुन्या मासिकांचा गठ्ठा बरोबर साडेवीस सेंटिमीटरचा करून सरकवला होता, आणि फळी ओळंब्याशी काटकोनात आणली होती. "सुताराने फसवले हो तुम्हाला," ते म्हणाले. त्यांच्या हातात वाचायला घेतलेले एक जाडजूड पुस्तक होते, आणि त्यांच्या मागे, सरळ केलेल्या फळीवर, पंधराव्या जागेच्या अलीकडची पुस्तके एकेक करून उजवीकडे झुकू लागली होती.