तुम्ही विचारलंत म्हणून: बिष्णुपूर आणि आम्ही बर्गी

"नागपूरचे तुम्ही, आणि सुट्टी मिळाली की बंगालमधल्या बिष्णुपूरला पळायचात! तिथे तुम्हाला कुणी काही म्हणत नाही?"

रेल्वेतली नोकरी संपवून परत आलो तेव्हापासून हा प्रश्न लग्नात, बागेत, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा ऐकलाय. विचारणाऱ्याला बंगालमधलं एवढंच पक्कं ठाऊक असतं की आमच्या नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या घोडेस्वारांनी तिथे धुमाकूळ घातला होता आणि तिथल्या आया आजही पोरांना बर्गीचं नाव सांगून झोपवतात. दोन्ही खरं आहे. पोर झोपलं, आळी शांत झाली, बर्गी आले, धान तर बुलबुलांनी खाल्लं, आता सारा कशानं भरू, असा त्या अंगाईचा अर्थ. बर्गी म्हणजे आपला बारगीर, ज्याचं घोडं आणि हत्यार सरकारचं तो. स्वतःचं घोडं आणतो तो शिलेदार. गावं लुटताना दोघंही असणार, पण बदनामी झाली पगारदाराची.

तर हो, म्हणाले. पहिल्याच खेपेला. खड्गपूर–आद्रा मार्गावर बिष्णुपूर स्टेशन लागतं. बाहेर चहा घेताना शेजारच्या वयस्क गृहस्थांनी गाव विचारलं. मी नागपूर म्हणताच ते दुकानदाराला ओरडून म्हणाले, "ओ दादा, बर्गी एशे गेछे!" बर्गी आले हो. चार माणसं हसली, चहाचे पैसे त्यांनीच दिले आणि मला तोफ दाखवायला घेऊन गेले.

ही तोफ म्हणजे दलमादल. छिन्नमस्तेच्या देवळाजवळ, उघड्यावर. लोखंडाची 63 कडी एकमेकांना जोडून घडवलेली, सुमारे पावणेचार मीटर लांब. शतकं पाऊस खाऊनही तिला म्हणावा तसा गंज नाही. 1742 मध्ये भास्कर पंत, म्हणजे भास्करराम कोल्हटकर, रघुजींचे दिवाण, फौज घेऊन इथे आले. बिष्णुपूरच्या गादीवर मल्ल घराण्यातला गोपालसिंह होता. मोठा वैष्णव. शत्रू वेशीवर आला तर यानं सैन्याला हुकूम काय द्यावा? नाव घ्या. सगळं गाव हरिनामाला बसलं, आणि रात्री राजाचा देव मदनमोहन गाभाऱ्यातून उठून गडावर गेला, त्यानं स्वतःच्या हातानं तोफेला बत्ती दिली. मराठे पळाले. सकाळी पुजाऱ्यानं दार उघडलं तर मूर्तीच्या हाताला तोफेच्या दारूची काजळी.

हे सांगताना त्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पळालो होतो. मी म्हटलं, "आमच्याकडे ही गोष्ट कुणी सांगत नाही." ते म्हणाले, "कशी सांगाल?"

देव बाजूला ठेवला तर इतिहास एवढाच की किल्ला पडला नाही. पण घोडदळाला किल्ल्याशी काय करायचं? राग उघड्यावरच्या खेड्यांवर निघाला, मल्लभूमची, म्हणजे या मल्ल राजांच्या मुलखातली, गावं लुटली गेली, आणि राज्य त्यातून पुन्हा सावरलं नाही. गडावरच्या विजयाची गोष्ट सांगणारा माणूस खेड्यांचं आपण होऊन बोलत नाही. विचारलं तर बोलतो, आवाज खाली आणून. गोपालसिंहालाही तिथे फार डोक्यावर घेत नाहीत बरं का. रोज संध्याकाळी प्रत्येकानं माळ ओढलीच पाहिजे असं त्याचं फर्मान होतं. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'गोपालसिंहेर बेगार', म्हणजे गोपालसिंहाची वेठ. मनात नसताना करावं लागणाऱ्या कामाला मी तिथे हा शब्द ऐकलाय, आणि नागपूरला येऊन पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी वापरलाही आहे.

तुम्हाला वाटेल हा गाव तोफेपुरता. नाही. हा मूळचा रानातला गाव. जुनं नावच बन-बिष्णुपूर. साल वृक्षांचं दाट रान, तांबडी कडक माती, मोह, चारोळी. विदर्भातला माणूस स्टेशनातून बाहेर पडला की साग कुठे गेला एवढंच त्याला कोडं पडतं; ऊन तर थेट घरचं. आता रान विरळ झालंय, तरी जवळच्या जयपूरच्या (राजस्थानातलं नव्हे) बाजूला रस्त्याच्या दोन्ही अंगांना साल उभे आहेत आणि दलमाच्या डोंगरांतून हत्तींचे कळप भातशेतीत उतरतात. इथल्या नावाजलेल्या मोतीचुराच्या लाडवाला पूर्वी बेसन नव्हे, पियालच्या बियांचं पीठ लागायचं. पियाल म्हणजे आपली चारोळी. आपण ती बासुंदीवर मोजून टाकतो. ह्यांनी लाडू वळले.

मल्ल राजे हजार वर्षं टिकले ते या रानाच्या आणि पाण्याच्या जोरावर. त्यांचा स्वतःचा शक होता, मल्लाब्द, तो इसवी सन 694 च्या सुमारास सुरू होतो. राजधानी इथे आणली जगतमल्लानं, आणि मृन्मयी देवीचं देऊळ 997 सालचं, असं परंपरा सांगते. दिल्लीची, बंगालच्या नवाबाची सत्ता कागदावर मानायची, खंडणी जमेल तशी द्यायची आणि रानाआड आपलं चालू ठेवायचं. सतराव्या शतकात वीरसिंहानं गावाभोवती सात बांध घातले: लालबांध, कृष्णबांध, यमुनाबांध वगैरे. आपल्याकडे ज्याला तलाव म्हणतात तेच, पण प्रचंड. कलकत्त्याच्या अंधारकोठडीची कहाणी लिहिणारा हॉलवेल म्हणतो की हिंदुस्थानात बहुधा हाच राजा सर्वांत स्वतंत्र, कारण मनात आणलं तर पाणी सोडून शत्रूला बुडवू शकतो. आमच्या स्वारांना तोफेनं अडवलं की चिखलानं, हा प्रश्न मी एकदा त्या गृहस्थांना विचारून पाहिला. त्यांनी विषय बदलला.

बदलला तो वीर हंबीरवर. आणि इथे मला माझं उत्तर सापडलं, म्हणून जरा थांबतो.

वीर हंबीर अकबराच्या काळातला. त्याच्या टोळ्या वाटमारी करायच्या हे बिष्णुपूरकर स्वतःच सांगतात, लपवत नाहीत. वृंदावनाहून श्रीनिवास आचार्य वैष्णव पोथ्यांनी भरलेल्या गाड्या घेऊन बंगालकडे येत होते. पेट्या जड, राजाच्या ज्योतिषानं सांगितलं आत रत्नं आहेत. लुटल्या. उघडल्या तर कागद! आचार्य पोथ्यांच्या शोधात दरबारी पोचले, तिथे भागवताचं वाचन चाललं होतं, त्यांनी स्वतः अर्थ सांगायला घेतला आणि दरोडेखोर राजा पायावर पडला. पुढची दोनशे वर्षं हे घराणं देवळं बांधत राहिलं ती या एका फसलेल्या लुटीमुळे. आणि तो मदनमोहन? तोही, म्हणतात, हंबीरनं एका ब्राह्मणाच्या घरून गुपचूप उचलून आणलेला.

मी म्हटलं, "म्हणजे तुमचा सर्वांत मोठा राजा डाकू, देव चोरीचा, आणि बर्गी आम्ही?" गृहस्थ खूप वेळ हसले. म्हणाले, "त्यानं लुटलेलं वाचलं तरी. तुम्ही काय वाचलंत?" याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

देवळं बघायला मात्र घाई करू नका. जवळपास चांगला दगड नाही, म्हणून नदीची माती. विटा भाजल्या, मातीच्या पाट्यांवर चित्रं कोरून भाजली आणि भिंतीच्या भिंती मढवल्या. 1643 चा श्यामराय आणि 1655 चा जोडबांगला, दोन्ही रघुनाथसिंहाचे. जोडबांगला म्हणजे दोन झोपड्या पाठीला पाठ लावून ठेवाव्यात तसा, वर एक छोटं शिखर. छपराची कड मुद्दाम वाकवलेली, कारण पाऊस निथळावा म्हणून बंगाली माणूस बांबूचं छप्पर असंच वाकवतो. देवाला घर बांधायचं तर आपल्यासारखंच, यात मला पंढरीची आठवण येते. भिंतीवर शरपंजरी भीष्म आहे, शिकार आहे, बंदुका घेतलेले फिरंगी आणि त्यांच्या नावा आहेत. घोडेस्वार दिसला की मी वाकून बघायचो, पण आमची स्वारी यायला तेव्हा अजून जवळजवळ शंभर वर्षं होती.

गाण्यातही गावाचं घराणं आहे, ध्रुपदाचं. रामशंकर भट्टाचार्यांपासून ते नीट सांगता येतं, आणि यदु भट्ट इथलेच, ज्यांनी कलकत्त्यातल्या जोडासांकोच्या वाड्यात ठाकूरांकडे, म्हणजे रवींद्रनाथ टागोरांच्या घरी, गाणं शिकवलं. माझा कान ध्रुपदाचा नाही, तेव्हा पुढे बोलत नाही.

गंजिफांबद्दल, म्हणजे हातानं रंगवलेल्या जुन्या पत्त्यांबद्दल, मात्र बोलेन. बिष्णुपूरला फौजदार घराणं दशावतारी ताश रंगवतं. दुर्गापूजेत देवीचे पटही हेच रंगवतात. कापडाच्या घड्या चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून गोल पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, एकूण 120. माझ्या बायकोचं माहेर सावंतवाडी. राजवाड्यातली गंजिफा पाहून वाढलेली बाई. मी तिच्यासमोर डाव ठेवला तर ती म्हणाली, "हे आमच्याकडून कधी नेलंत?" बुद्धाच्या जागी जगन्नाथ पाहून तेवढी थबकली. मग तिलाच आठवलं की आपल्या जुन्या चित्रांत त्या जागी विठोबा असतो. गंमत अशी की बिष्णुपुरात पत्ते विकणारे पुष्कळ भेटले, डाव मांडणारा मला तरी एकही भेटला नाही.

आणि ते राज्य शेवटी बुडालं कशानं? आम्ही खिळखिळं केलं, 1770 च्या दुष्काळानं माणसं नेली, पण संपवलं ते भाऊबंदकीनं. चैतन्यसिंह आणि दामोदरसिंह गादीसाठी भांडले, खटला इंग्रजांकडे गेला. खटल्याला पैसा हवा. चैतन्यसिंहानं कलकत्त्याच्या बागबाजारातले मिठाचे व्यापारी गोकुळ मित्र यांच्याकडे साक्षात मदनमोहन गहाण टाकला. ज्यानं तोफ डागली तो. देव सुटला नाही. बिष्णुपूरकर म्हणतात, परत मिळाली ती नक्कल, अस्सल बागबाजारातच राहिली. 1806 मध्ये थकलेल्या साऱ्यापायी जमीनदारीचाही लिलाव झाला आणि ती बर्दवानच्या महाराजांनी घेतली. बुलबुलांनी धान खाल्लं ते असं.

नागपूरला परत यायच्या आधीच्या हिवाळ्यात मी बागबाजारच्या ठाकूरबाडीत, म्हणजे मदनमोहनाच्या देवळात, गेलो. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल ऐकलं त्याला एकदा पाहावं म्हणून. पुजाऱ्यांनी विचारलं, कुठून आलात? क्षणभर थांबून मी म्हटलं, "नागपूर." त्यांनी मान हलवली, पळीभर तीर्थ हातावर घातलं आणि गोत्र विचारलं.