तांबेकर वाडा, मोबाइलच्या पडद्यावर

बडोद्याच्या रावपुऱ्यातला तांबेकर वाडा घाईत चालणाऱ्याच्या नजरेत भरत नाही. आत मात्र भिंतीभर चित्रांची गर्दी: कृष्णलीला, महाभारत आणि चक्क इंग्रज-मराठा लढाई! १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं हे घर, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. मी इन्स्टाग्रामवर एकेका चित्राचा एखादाच कोपरा टाकते. जुन्या रंगांवर फ्लॅश मारायचा नाही, म्हणून खिडकीतून उजेड येईपर्यंत ताटकळायचं. फिल्टर तर नकोच. मग उरतं काय? खाली मजकूर आमच्या बडोद्याच्या मराठीत, गुजराती शब्दांसकट. पुणेकर नाकं मुरडोत बापडे! परवा आत्याचा फोन: "सारखा कृष्ण काय गं, लढाई दाखव ना जवळून." पुढचा फोटो लढाईचाच.